देव्हाऱ्यातील भाषा आणि घरातील भाषा

कार्तिक शुद्ध एकादशी आली की उज्जयिनीत कालिदासाच्या नावाचा उत्सव सुरू होतो. पंडित सूर्यनारायण व्यास यांनी वर्षानुवर्षे ज्या गोष्टीचा ध्यास घेतला होता ती १९५८ साली प्रत्यक्षात उतरली आणि राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या उपस्थितीत पहिला कालिदास समारोह पार पडला. तेव्हापासून या दिवसांत क्षिप्रेच्या काठी विद्वानांच्या परिषदा भरतात, निबंध वाचले जातात, आणि रात्री शाकुंतल, मालविकाग्निमित्र किंवा भासाचे एखादे नाटक रंगभूमीवर येते. दोन-तीन तास संस्कृत कानावर पडत असते. आणि विशेष म्हणजे ती पुष्कळांना समजतही असते. मग पडदा पडतो. प्रेक्षक उठतात, आपापली माणसे शोधू लागतात, आणि त्याच क्षणी संस्कृत कोठल्या कोठे नाहीशी होते. कोणी माळवीत बोलू लागतो, कोणी हिंदीत. आणि राणोजी शिंद्यांच्या काळापासून येथे वस्ती करून राहिलेल्या घराण्यांतील मंडळी नटांचे गुणदोष मराठीत काढीत घरची वाट धरतात.

अशा वेळी एक प्रश्न हटकून निघतो. जी भाषा नाटकगृहात चालली ती घरी का चालू नये? आणि या प्रश्नाच्या पाठोपाठ एक दाखलाही हटकून दिला जातो. दोन हजार वर्षे मेलेली हिब्रू ज्यूंनी उठवून उभी केली. मग आपणांसच ते का साधू नये?

दाखला खरा आहे, पण तो नेहमी अर्ध्या वाक्यात सांगितला जातो. उरलेले अर्धे वाक्य अधिक महत्त्वाचे आहे.

पहिली गोष्ट अशी की हिब्रू कधी मेलीच नव्हती. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमारास ती लोकांच्या नित्य बोलण्यातून गेली, एवढेच खरे. बाजारात प्रथम आरामी आणि ग्रीक आली, पुढे अरबी आली. ज्यू जेथे जेथे गेले तेथील भाषा त्यांनी आपल्याशा केल्या. जर्मनीकडील ज्यूंची यिद्दिश झाली, स्पेनमधून हाकलून दिलेल्यांची लादिनो झाली. परंतु प्रार्थना हिब्रूत होती, धर्मनिर्णय हिब्रूत होते, विद्वानांची पत्रे हिब्रूत होती. बगदादचा व्यापारी आणि पोलंडचा पंडित जेरुसलेमच्या बाजारात भेटले तर एकमेकांशी मोडक्यातोडक्या हिब्रूतच बोलत. अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील सुधारणावादी ज्यूंनी हिब्रूत नियतकालिके काढली, आणि १८५३ साली आब्राहाम मापू याची हिब्रूतील पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली. म्हणजे ज्या भाषेत कादंबरी लिहिली जाते, टीका होते, भांडणे होतात ती भाषा मृत कशी म्हणावी? तिला फक्त एका गोष्टीची उणीव होती. तिच्यात कोणी मूल रडत नव्हते.

आपल्याकडील संस्कृतची स्थिती याहून फारशी निराळी नव्हती. उज्जैनच्या, काशीच्या, पुण्याच्या पाठशाळांतील शास्त्री परप्रांतीय शास्त्र्याशी संस्कृतातच बोलत. कोल्हापूरचे अप्पाशास्त्री राशिवडेकर यांनी ‘संस्कृतचंद्रिका’ हे मासिक चालविले आणि पुढे ‘सूनृतवादिनी’ हे साप्ताहिक काढून राजकारणाचीही चर्चा संस्कृतात केली. तेव्हा दोन्ही भाषा एकाच उंबरठ्यावर उभ्या होत्या असे म्हणता येईल. त्यांतील एक आत आली, ती कशी?

एलिएझर बेन-यहुदा याचे नाव येथे घ्यावे लागते. रशियन साम्राज्यातील लुझकी या लहानशा गावी १८५८ साली त्याचा जन्म झाला. त्याचे मूळ आडनाव पर्लमन. धर्मशिक्षणासाठी पाठविलेला हा मुलगा शिक्षकाकडून गुपचूप व्याकरणाची व ललित वाङ्मयाची पुस्तके घेऊन वाचू लागला आणि घरच्यांच्या मनातून उतरला. बल्गेरियाच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या वार्ता त्या वेळी रशियात सर्वांच्या तोंडी होत्या. ग्रीक स्वतंत्र झाले, इटालियन एक झाले, बल्गेरियन उठले. मग आपल्या लोकांना देश आणि भाषा का नसावी, असा विचार त्याच्या मनात आला. वैद्यकी शिकण्यासाठी तो पॅरिसला गेला, तेथे क्षयाने गाठले, वैद्यकी सुटली. १८७९ मध्ये व्हिएन्नाच्या एका हिब्रू मासिकात त्याने आपला विचार लेखरूपाने मांडला, आणि १८८१ साली तो पत्नी देवोरा हिच्यासह पॅलेस्टाइनमध्ये उतरला. त्या वेळी ते तुर्की सत्तेखाली होते.

देवोराला हिब्रू जवळजवळ येत नव्हती. तरीही घरात हिब्रूवाचून दुसरा शब्द उच्चारावयाचा नाही, असा नवऱ्याचा दंडक होता. १८८२ च्या उन्हाळ्यात त्यांना मुलगा झाला. जवळजवळ दोन सहस्रकांनंतर ज्याची जन्मभाषा हिब्रू ठरावयाची होती असे हे पहिले मूल. म्हणून बापाने त्याला जगापासून तोडले. शेजारची मुले यिद्दिश, लादिनो नाही तर अरबी बोलत. म्हणून त्यांच्यात खेळावयाचे नाही. पाहुणे आले की मुलाला आतल्या खोलीत न्यावयाचे. घरातल्या कुत्र्याशीसुद्धा हिब्रूतच बोलावयाचे. मूल तीन वर्षांचे होऊन गेले तरी बोलेना. ओळखीपाळखीच्या माणसांनी आईला सांगितले की हा मुका निपजणार, निदान एका जित्या भाषेत तरी याच्याशी बोल. एके दिवशी बाप बाहेर गेला असता आईने नकळत आपल्या बालपणीचे रशियन गाणे म्हणावयास सुरुवात केली. तेवढ्यात बाप परतला. त्याने केलेला थयथयाट आणि त्या भांडणाच्या भरात आपल्या तोंडून फुटलेले पहिले शब्द यांची हकीकत त्या मुलानेच पुढे आत्मवृत्तात सांगितली आहे. तो मोठेपणी इतामार बेन-आवी या नावाने पत्रकार म्हणून प्रसिद्ध झाला.

ही कथा पराक्रमाची म्हणून सांगितली जाते. ती तशी आहेही. परंतु त्या रशियन अंगाईत एका बाईचे सगळे माहेर होते, ही गोष्ट सांगणारे बहुधा विसरतात. १८९१ साली देवोरा क्षयाने गेली, आणि तिच्या पाठोपाठ घटसर्पाने पाचांपैकी तीन मुले गेली. तिच्याच इच्छेनुसार तिची धाकटी बहीण त्या घरात दुसरी पत्नी म्हणून आली. नव्या घरात तिचे नावही बदलून हेमदा असे हिब्रू झाले. काही महिन्यांत ती हिब्रू शिकली आणि पुढे नवऱ्याच्या शब्दकोशाचे ओझे त्याच्या मृत्यूनंतरही तिने वाहिले. भाषेच्या इतिहासात बेन-यहुदाचे पुतळे उभे राहतात. या दोघी बहिणींशिवाय त्याचा प्रयोग एक आठवडाही टिकला नसता.

बाहेरचे जगही अनुकूल नव्हते. देवाची भाषा भाजीपाल्याच्या हिशेबात आणणे हा कर्मठांच्या दृष्टीने भ्रष्टाचार होता. त्यांनी त्याला बहिष्कृत केले. १८८४ पासून तो जे वृत्तपत्र चालवीत होता त्यातील एका लेखाचा राजद्रोही अर्थ लावून तुर्की अधिकाऱ्यांकडे चुगली करण्यात आली आणि १८९३ च्या अखेरीस त्याला तुरुंगात जावे लागले. ज्यांनी हिब्रू प्राणपणाने जपली त्यांनीच तिच्या घरी येण्याला सर्वांत अधिक विरोध केला. आपल्याकडे मराठीत गीता आणणाऱ्या भावंडांना आळंदी-पैठणच्या शास्त्र्यांनी जी वागणूक दिली असे परंपरा सांगते, ती आठवली म्हणजे या विरोधाचे नवल वाटत नाही.

आता शब्दांकडे वळू. घरात हिब्रू बोलावयाची म्हटल्यावर पहिली अडचण तत्त्वज्ञानाची नव्हती, टॉवेलाची होती. बायबलात देवदूतांच्या पंखांचे वर्णन आहे, पण बाहुली, ब्रश, सायकल, आइस्क्रीम यांना शब्द नाहीत. बेन-यहुदाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जुन्या धातूंना नवे प्रत्यय लावून शब्द घडविले. शब्दकोशाला तोपर्यंत ‘शब्दांचे पुस्तक’ म्हणत. त्याने ‘मिला’ म्हणजे शब्द यापासून ‘मिलोन’ केले. वृत्तपत्राला ‘काळाचे पत्र’ अशा अर्थाचा जोडशब्द होता, आपल्या ‘वर्तमानपत्रा’चा जणू सख्खा भाऊच, त्याने काळवाचक ‘एत’ या शब्दापासून ‘इतोन’ असा आटोपशीर शब्द पाडला. सायकलीला चाक या अर्थाच्या ‘ओफान’ शब्दाचे द्विवचन मिळाले. हिब्रूत द्विवचनाचा प्रत्यय अजून शिल्लक आहे, आणि शाळेत संस्कृतच्या द्विवचनाला कंटाळलेल्या मुलांना हे ऐकून मौज वाटेल की तेथे रस्त्यावरचे पोर त्या प्रत्ययावर बसून फिरते. मराठीनेही तेच केले. आपली ‘दुचाकी’ दुसरे काय आहे? यहेज्केल संदेष्ट्याने आपल्या दर्शनात पाहिलेल्या तेजस्वी पदार्थाला ‘हश्माल’ असे नाव होते. तो पदार्थ कोणता, यावर शतकानुशतके भाष्ये झाली. आज ‘हश्माल’ म्हणजे वीज, आणि तिचे बिल दरमहा घरी येते.

सर्वच शब्द रुजले असे मात्र नाही. टोमॅटोला बेन-यहुदाने अरबीवरून ‘बदूरा’ म्हणावे असा आग्रह धरला. लोकांनी दुसऱ्याने सुचविलेला ‘अग्वानिया’ हा शब्द उचलला, जरी त्याच्या मुळाशी कामवासनेचा अर्थ असल्यामुळे सभ्य मंडळी संकोचत होती. बेन-यहुदाच्या घरी तो शब्द निषिद्धच होता असे सांगतात. कोशकाराने शब्द द्यावेत आणि भाजीवाल्याने त्यांतून निवड करावी, असा हा व्यवहार आहे.

मराठी वाचकाला यात एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. शिवकालात रघुनाथपंतांच्या देखरेखीखाली राज्यव्यवहारकोश झाला तो फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्यासाठी. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ केली तीही अरबी, फारसी आणि इंग्रजी शब्द काढण्यासाठी. ‘तारीख’ जाऊन ‘दिनांक’ आला तो याच मार्गाने. बेन-यहुदाने उलट केले. युरोपीय शब्द टाळण्यासाठी तो अरबीच्या दारी गेला, कारण अरबी ही हिब्रूची बहीण. आपल्या ‘अदब’ शब्दाच्याच अरबी धातूपासून त्याने सभ्य या अर्थी ‘अदीव’ हा शब्द हिब्रूत आणला. अरबी ‘तारीख’सुद्धा ‘ताअरीख’ या रूपाने आजच्या हिब्रूत सुखाने नांदते आहे. एका ठिकाणी परका म्हणून बाहेर काढलेला शब्द दुसऱ्या ठिकाणी आप्त म्हणून घरात घेतला गेला. शब्दांचे कुळ आपण किती हौसेने ठरवितो, याचा हा चांगला मासला आहे.

परंतु एका घराने भाषा जगत नाही. १९२२ च्या डिसेंबरात बेन-यहुदा वारला तेव्हा हिब्रू बोलणारे हजारो लोक होते. ते त्याच्या घरात वाढलेले नव्हते, शाळांत वाढलेले होते. रिशोन-ले-झियोन या शेतकरी वसाहतीत १८८६ साली सर्व विषय हिब्रूतून शिकविणारी शाळा निघाली आणि १८९८ मध्ये तेथेच हिब्रू बालवाडी सुरू झाली. शिक्षकांना स्वतःला ती भाषा बोलता येत नव्हती. पुस्तके नव्हती, गणिताच्या चिन्हांना नावे नव्हती. गुरुजी रात्री शब्द शोधीत आणि सकाळी मुलांना देत. त्या मुलांनी ती भाषा घरी नेली आणि आईबापांना शिकविली. सर्वसाधारण क्रम असा की मूल आईकडून भाषा शिकते; येथे गंगा उलटी वाहिली. १८९० मध्ये स्थापन झालेली भाषासमिती शब्दांचा न्यायनिवाडा करी, आणि उच्चारासाठी युरोपीय ज्यूंचा धाटीचा उच्चार सोडून पूर्वेकडील सेफार्दी ज्यूंचा उच्चार पत्करण्यात आला.

१९१३ साली कसोटीचा प्रसंग आला. हैफा येथे निघणाऱ्या तंत्रविद्यालयात विज्ञान जर्मनमधून शिकवावे, असा त्या विद्यालयाच्या जर्मन आश्रयदात्यांचा विचार होता. हिब्रूत विज्ञानाचे शब्द कोठे आहेत, हा त्यांचा प्रश्न. तो प्रश्न मुळीच वेडगळ नव्हता. परंतु शिक्षकांनी राजीनामे दिले, विद्यार्थी वर्ग सोडून बाहेर पडले, आणि पुढील वर्षी निर्णय फिरवावा लागला. १९१६ ते १९१८ या काळातील गणनेत पॅलेस्टाइनमधील ज्यूंपैकी सुमारे ४० टक्के लोकांनी आपली मुख्य भाषा हिब्रू म्हणून नोंदविली. १९२२ मध्ये ब्रिटिश राजवटीत इंग्रजी आणि अरबी यांच्या जोडीने हिब्रूला अधिकृत स्थान मिळाले, आणि १९२५ मध्ये जेरुसलेमला हिब्रू विद्यापीठ उघडले.

हे इतक्या झपाट्याने का घडले याचे उत्तर पांडित्यात नाही, गरजेत आहे. रशियातून आलेला, येमेनमधून आलेला, मोरोक्कोतून आलेला अशी माणसे एका गल्लीत राहू लागली आणि त्यांना एकमेकांची भाषा येईना. सर्वांना थोडीथोडी ठाऊक अशी एकच भाषा होती, ती प्रार्थनेची. ती त्यांनी उचलली. दुसरी एखादी समान भाषा हाताशी असती तर बेन-यहुदा हा एक विक्षिप्त कोशकार म्हणून विस्मृतीत गेला असता.

आणि या यशाची किंमत? १९२३ साली तेल अवीवच्या विद्यार्थ्यांनी ‘भाषारक्षक पथक’ काढले. यिद्दिशमध्ये बोलणाऱ्या माणसाला रस्त्यात अडवून हिब्रू बोलावयास सांगणे, यिद्दिश नाटके आणि सभा उधळणे, ही त्यांची कामे. हिब्रू विद्यापीठात यिद्दिशचे अध्यासन काढण्याचा प्रस्ताव १९२७ मध्ये विरोधामुळे बारगळला. ते अध्यासन १९५१ मध्ये झाले. मधल्या काळात युरोपात साठ लाख ज्यूंची हत्या झाली होती आणि त्यांतील बहुतेकांची मातृभाषा यिद्दिश होती.

या इतिहासात मराठीचाही एक धागा आहे, आणि तो कुलाबा जिल्ह्यातून जातो. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला वंश वाढला, असे बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते. तेल गाळण्याचा व्यवसाय आणि शनिवारी घाणा बंद. म्हणून कोकणात ते ‘शनिवार तेली’ झाले. दिवेकर, राजपूरकर, पेणकर, केहिमकर ही त्यांची आडनावे, मराठी ही त्यांची भाषा. हिब्रू त्यांच्याजवळ जवळजवळ राहिलीच नव्हती. ‘शमा’ या प्रार्थनेचे शब्द तेवढे ओठांवर होते, आणि सुंता असो की लग्न असो, तेच म्हटले जात. कोचीनच्या ज्यूंनी त्यांना धर्मविधी पुन्हा शिकविले. सॅम्युएल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत पहिले प्रार्थनामंदिर बांधले. १८३२ साली स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी खास त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रूचे व्याकरण प्रसिद्ध केले. विल्सनसाहेबांचा हेतू अर्थातच त्यांना ख्रिस्ती करण्याचा होता. समाजाने व्याकरण घेतले आणि हेतू परत केला.

पुढील दोन पिढ्यांत या समाजाने जे केले ते बेन-यहुदाच्या कार्याच्या अगदी उलट दिशेचे होते आणि त्याहून कमी मोलाचे नव्हते. जोसेफ यहेज्केल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनापुस्तके मराठीत आणली. मुंबई विद्यापीठाचे ते हिब्रूचे परीक्षकही होते. हाईम सॅम्युएल केहिमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७५ मध्ये मुंबईत समाजाची शाळा काढली, तीत इंग्रजी व मराठीबरोबर हिब्रूही शिकवीत. १८७४ साली पुण्यात वल्हांडणाच्या सणाचे ‘हगादा’ हे पुस्तक हिब्रू आणि मराठी अशा दोन्ही भाषांत छापले गेले. त्यातील चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका लुगडे नेसलेल्या आहेत. १८८० च्या सुमारास अब्राहाम, योसेफ यांची आख्याने लावून मराठीत कीर्तनेही होऊ लागली. हिब्रूला घरात आणण्यासाठी या लोकांनी मराठी घराबाहेर काढली नाही. देव्हाऱ्यात हिब्रू आणि ओटीवर मराठी, अशी त्यांनी सोय लावली.

१९४८ नंतर समाजातील बहुसंख्य लोक इस्राएलला गेले. तेथे त्यांना नव्याने हिब्रू शिकावी लागली, आणि ही हिब्रू प्रार्थनेची नव्हती, कामगारखात्याची होती. १९६० च्या दशकाच्या आरंभी त्यांच्या विवाहसंबंधांबाबत धर्मपीठाने शंका काढल्या तेव्हा दीमोना, बीरशेबा, लोद अशा गावांतून आलेल्या या मराठी माणसांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले आणि १९६४ साली आपले म्हणणे मान्य करून घेतले. हिब्रू येत होती म्हणून त्यांना आपले म्हणणे मांडता आले, हेही नमूद करावयास हवे. परंतु नातवंडांची मराठी ओसरत गेली. १९८५ पासून तेथे ‘मायबोली’ या नावाचे मराठी नियतकालिक निघू लागले. ज्या देशात एक भाषा जन्माला आली त्या देशात दुसरी टिकविण्यासाठी नियतकालिक काढावे लागते, याला कोणीच अपराधी नाही. बाळाशी दोन भाषांत बोलण्याइतकी फुरसत दिवसभर काम करून आलेल्या आईला नसते.

आता पुन्हा उज्जैनला येऊ. संस्कृत ही राजभाषा व्हावी अशी सूचना १९४९ च्या सप्टेंबरात घटनासमितीपुढे पंडित लक्ष्मीकांत मैत्र यांनी मांडली होती. डॉ. आंबेडकरांचा तिला पाठिंबा होता. इस्राएलचे राज्य नुकतेच स्थापन झाले होते आणि हिब्रूचे उदाहरण ताजे होते. सूचना मान्य झाली नाही. संस्कृतला आठव्या परिशिष्टात स्थान मिळाले. सुनीतिकुमार चटर्जी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या संस्कृत आयोगाने १९५७ मध्ये आपला अहवाल पूर्ण केला. नागपुरात श्रीधर भास्कर वर्णेकर यांनी ‘संस्कृत भवितव्यम्’ साप्ताहिकातून सोपी संस्कृत लिहून दाखविली, १९७४ मध्ये आकाशवाणीवर संस्कृत बातम्या सुरू झाल्या, १९८१ पासून बंगळूरहून संस्कृत संभाषणाचे वर्ग देशभर पसरले. उज्जैनलाही १९५७ मध्ये विक्रम विद्यापीठ आणि २००८ मध्ये पाणिनीच्या नावाचे संस्कृत व वैदिक विद्यापीठ झाले. प्रयत्न कमी पडले असे कोणासही म्हणता यावयाचे नाही.

जनगणनेचे आकडे मात्र चमत्कारिक आहेत. मातृभाषा संस्कृत सांगणारे लोक १९९१ मध्ये ४९,७३६ होते, २००१ मध्ये १४,१३५ झाले, २०११ मध्ये २४,८२१ झाले. मातृभाषा अशी दर दहा वर्षांनी घटत-वाढत नाही. हे आकडे प्रेमाचे आहेत, अभिमानाचे आहेत, पाळण्याचे नव्हेत. त्याचे कारण संस्कृतच्या काठिण्यात शोधणे व्यर्थ होय. जेरुसलेमच्या गल्लीत जी गरज होती ती उज्जैनच्या गल्लीत कधी नव्हतीच. माळव्यातला शेतकरी, मराठी कारकून, गुजराती व्यापारी आणि बोहरा दुकानदार यांना बोलण्यासाठी हिंदी आहे, आणि ती पुरेशी आहे. किंबहुना ज्याला जेरुसलेमचे नाट्य पाहावयाचे असेल त्याने संस्कृतकडे पाहू नये, येथील मराठीकडे पाहावे. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा यांनी महाकालाचे देवालय पुन्हा उभारले तेव्हा या नगरीचा कारभार मोडी लिपीत चाले. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला हलविली, मराठी घरे मागे राहिली. त्या घरांतील मुले आज शाळेत हिंदी आणि इंग्रजी शिकतात, एकमेकांशी हिंदीत बोलतात, आणि आजीने मराठीत विचारलेल्या प्रश्नाला हिंदीत उत्तर देतात. ‘मायबोली’चे वाचक आणि हे लोक यांची गाठ पडली तर त्यांना एकमेकांचे बोलणे फारसे समजावून सांगावे लागणार नाही.

आणि ज्या कवीच्या नावाने हा सारा उत्सव चालतो त्याने भाषेची व्यवस्था कशी लावली होती? शाकुंतलात राजा संस्कृत बोलतो, कण्व संस्कृत बोलतो. शकुंतला प्राकृत बोलते, तिच्या सख्या प्राकृत बोलतात, अंगठी सापडलेला कोळी आणि त्याला पकडणारे शिपाई प्राकृत बोलतात. कालिदासाच्या काळीही घराची भाषा निराळी होती आणि ती त्याने न संकोचता रंगभूमीवर आणली. सातव्या अंकात सिंहाच्या छाव्याचे दात मोजू पाहणारा लहानगा सर्वदमन येतो. तोही प्राकृतच बोलतो. तापसी त्याला मातीचा मोर दाखवून त्या पक्ष्याचे लावण्य पाहा म्हणते, आणि तिच्या प्राकृत शब्दांत त्या मुलाला आपल्या आईचे नाव ऐकू येते. तो इकडेतिकडे पाहतो आणि माझी आई कोठे आहे, असे विचारतो. बाजूला उभा असलेला दुष्यंत, जो सारे आयुष्य संस्कृत बोलत आला, त्याला आपला मुलगा ओळखण्याचा धागा मिळतो तो तेथे.